चारशे दोन धावांचं प्रकरण: स्मृती मानधनाचं २०२५

९ ऑक्टोबर २०२५ रोजी विशाखापट्टणमला भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका असा विश्वचषकातला साखळी सामना होता. स्मृती मानधना २३ धावांवर बाद झाली आणि सांगलीत कुरकुर सुरू झाली. श्रीलंकेविरुद्ध ८, पाकिस्तानविरुद्ध २३, आता परत २३. भारत तो सामना हरला, त्यामुळे बोलायला आणखी बळ आलं. विश्रामबागेतल्या चहाच्या गाड्यापासून मार्केट यार्डापर्यंत एकच सूर होता: मोठ्या स्पर्धेत पोरगी थंड पडली. माधवनगरची मुलगी म्हणून जे हक्काने कौतुक करतात, ते टीकाही हक्कानेच करतात.

याच २३ धावांच्या डावात, बाराव्या धावेला, एका कॅलेंडर वर्षात महिला एकदिवसीय क्रिकेटमध्ये सर्वाधिक धावांचा जागतिक विक्रम तिच्या नावावर झाला. ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने १९९७ मध्ये केलेल्या ९७० धावा २८ वर्षं कुणाला ओलांडता आल्या नव्हत्या. त्या मोडल्या गेल्या त्या ज्या डावाला आपण 'फेल' म्हणतो अशा डावात. पुढे वर्षअखेर हा आकडा १३६२ वर गेला.

एका वर्षाचा विक्रम नेमका कशातून तयार होतो, हा या प्रकरणाचा प्रश्न. शतकांतून, असं उत्तर बहुतेक जण देतील. आकडे मांडून बसलं की चित्र जरा वेगळं दिसतं.

आधी सगळे तेवीस डाव

जानेवारीत राजकोटला आयर्लंडविरुद्ध ४१, ७३ आणि १३५. एप्रिल-मेमध्ये कोलंबोतली तिरंगी मालिका: ४३, ३६, १८, ५१ आणि अंतिम सामन्यात ११६. जुलैत इंग्लंडमध्ये २८, ४२, ४५. सप्टेंबरात ऑस्ट्रेलियाविरुद्ध मायदेशात ५८, ११७, १२५. मग विश्वचषक: ८, २३, २३, ८०, ८८, १०९, नाबाद ३४, उपांत्य सामन्यात २४ आणि अंतिम सामन्यात ४५.

एकूण २३ डाव, १३६२ धावा, सरासरी ६१.९० (एक डाव नाबाद, म्हणून भागाकार २२ ने). पाच शतकं, पाच अर्धशतकं. धावांचा वेगही शंभर चेंडूंना शंभराच्या वर, म्हणजे टिकून राहण्यासाठी चेंडू खाल्ले असंही नाही.

आता या डावांचे गठ्ठे करू. पाच शतकांच्या मिळून ६०२ धावा. पाच अर्धशतकांच्या ३५०. दोन्ही धरून ९५२. एकेरी धावसंख्या वर्षभरात एकच, गुवाहाटीतली ती ८. उरले बारा डाव, सगळे १८ ते ४५ च्या मधले. त्यांची बेरीज ४०२.

ही ४०२ बाजूला काढून ठेवली तर वर्षाची बेरीज ९६० होते. क्लार्कच्या ९७० ला दहा कमी. म्हणजे पाच शतकं आणि पाच अर्धशतकं ठोकूनही विक्रम मोडला नसता, हजारही झाले नसते. ज्या बारा डावांची कुणी क्लिप फिरवत नाही, ज्यांच्यानंतर 'सुरुवात चांगली केली होती पण...' असं आपण म्हणतो, त्या डावांनी तिला पलीकडे नेलं.

सलामीच्या फलंदाजासाठी ही गोष्ट साधी नाही. नवा चेंडू, ताजे गोलंदाज, स्लिपमध्ये क्षेत्ररक्षक; सलामीला येणाऱ्याच्या खात्यावर दोन-चार-सहा अशा धावसंख्या साचतातच. तेवीस वेळा नव्या चेंडूसमोर उभं राहून बावीस वेळा दोन आकडी धावसंख्या गाठणं, हा माझ्या मते या वर्षाचा सगळ्यात अवघड भाग आहे. त्याला मात्र नाव नाही, म्हणून त्याचा विक्रमही कुठे लिहिला जात नाही.

२०२४ शेजारी ठेवून

ही स्थिरता तिच्यात आधीपासूनच होती का? नव्हती, आणि म्हणूनच हे प्रकरण अभ्यासायला घ्यावंसं वाटतं.

२०२४ मध्ये तिने १३ एकदिवसीय डावांत ७४७ धावा केल्या, सरासरी ५७.४६. त्यात चार शतकं. एका वर्षात चार एकदिवसीय शतकं त्याआधी कुठल्याच महिला फलंदाजाने केली नव्हती, त्यामुळे ते वर्षही विक्रमाचंच होतं. पण त्या तेरा डावांत एकेरी धावसंख्या किती? पाच. त्यात अहमदाबादला न्यूझीलंडविरुद्धचं एक शून्य. म्हणजे २०२४ चा नमुना असा, की एक तर शंभर नाहीतर जवळजवळ काहीच नाही.

शतकांचं प्रमाण पाहिलं तर २०२४ सरस ठरतं: १३ डावांत ४, तर २०२५ मध्ये २३ डावांत ५. तरीही डावामागे धावा २०२४ मध्ये साधारण ५७ आणि २०२५ मध्ये ५९. शतकं विरळ झाली, तळ वर आला आणि हिशेब जवळपास तिथंच राहिला.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मांडायला हवी. डावामागच्या धावांत इतका थोडाच फरक असेल, तर बेरीज ७४७ वरून १३६२ वर गेली याचं पहिलं कारण कॅलेंडर आहे. विश्वचषकाचं वर्ष असल्याने सामने तेराचे तेवीस झाले. क्लार्कचा विक्रमही १९९७ चा, म्हणजे विश्वचषकाच्याच वर्षातला. ती स्पर्धाही भारतातच झाली होती. महिला क्रिकेटमध्ये एकदिवसीय सामने मुळात कमी, त्यामुळे विश्वचषक नसलेल्या वर्षी हजाराच्या आसपास पोचायला पुरेसे डावच मिळत नाहीत.

पण सामने जास्त असणं आणि ते सगळे खेळणं यात अंतर आहे. भारताने २०२५ मध्ये २३ एकदिवसीय सामने खेळले आणि ती २३ च्या २३ खेळली. आयर्लंडच्या मालिकेत तर कर्णधार म्हणून. त्यात विमेन्स प्रीमियर लीग आली, इंग्लंडमधली टी-२० मालिका आली. त्या मालिकेत जूनमध्ये नॉटिंगहॅमला ११२ धावा करून तिन्ही प्रकारांत शतक असलेली ती पहिली भारतीय महिला झाली. एवढ्या ओझ्याखाली दुखापत किंवा विश्रांती म्हणून एखादी मालिका गेली असती, तर कुणाला नवल वाटलं नसतं.

दुबळ्या संघांच्या जिवावर?

ही शंका कुणीतरी काढतंच, आणि ती रास्तही आहे. आयर्लंडविरुद्ध तीन डावांत २४९ धावा आहेत. त्या सगळ्या वजा केल्या तरी १११३ उरतात, म्हणजे जुना विक्रम तसाही मागे पडतो.

हाच निकष क्लार्कला लावला तर गंमत होते. तिच्या ९७० मध्ये डेन्मार्कविरुद्धच्या नाबाद २२९ आहेत. १६ डिसेंबर १९९७, मुंबई. एकदिवसीय क्रिकेटमधलं, पुरुष-महिला मिळून, पहिलं द्विशतक. सचिनचं ग्वाल्हेरचं द्विशतक त्यानंतर बारा वर्षांनी आलं. ऑस्ट्रेलियाने त्या दिवशी ४१२ केल्या आणि डेन्मार्क ४९ मध्ये आटोपलं. क्लार्कची त्या वर्षीची सरासरी ८०.८३. हा एक डाव बाजूला ठेवला की ती ६१.७५ वर येते, मानधनाच्या ६१.९० च्या अगदी शेजारी. यावरून क्लार्क लहान ठरत नाही. अठ्ठावीस वर्षांच्या अंतराने दोघींची लय जवळपास सारखी होती आणि एकीला डाव जास्त मिळाले, एवढंच यातून निघतं.

मानधनाच्या बाजूने भक्कम पुरावा दुसरीकडे आहे. ऑस्ट्रेलियाविरुद्ध पाच डाव: ५८, ११७, १२५, ८०, २४. एकूण ४०४, सरासरी ८० च्या वर. तोवर जगातल्या सगळ्यात दबदब्याच्या संघासमोर तिचं वर्ष सगळ्यात उजवं गेलं. उलट दक्षिण आफ्रिकेविरुद्ध चार डावांत १५५ म्हणजे साधारणच.

दोन उसळ्या

शतकांचं महत्त्व मी कमी करत नाही. ती कधी आली हे पाहण्यासारखं आहे.

सप्टेंबरात १४, १७ आणि २० तारखेला मिळून तीन डावांत ३०० धावा. दुसऱ्या सामन्यात न्यू चंडीगडला तिने ११७ केल्या आणि भारताने ऑस्ट्रेलियाला १०२ धावांनी हरवलं. तिसऱ्यात दिल्लीला ऑस्ट्रेलियाने ४१२ चा डोंगर उभा केला आणि हिने ५० चेंडूंत शतक गाठलं. विराट कोहलीचं जयपूरचं शतक ५२ चेंडूंचं होतं, म्हणजे पुरुष-महिला धरून भारताचं सर्वांत वेगवान एकदिवसीय शतक आता हिच्या नावावर. ६३ चेंडूंत १२५ करून ती बाद झाली, भारत ३६९ पर्यंत पोचला आणि हरला.

दुसरी उसळी ऑक्टोबरात: ८०, ८८, १०९. तीन डावांत २७७. दोन्ही उसळ्या मिळून सहा डावांत ५७७, म्हणजे वर्षाच्या धावांपैकी ४२ टक्के. (आकड्यांच्या नादी लागलेल्या सांगलीकरांसाठी: सांगलीतच जन्मलेल्या विजय हजारेंनी गुल महंमदबरोबर १९४६-४७ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्यासाठी होळकर संघाविरुद्ध केलेली भागीदारीही ५७७ चीच. निव्वळ योगायोग, पण लिहिल्यावाचून राहवलं नाही.)

दोन उसळ्यांच्या मधे आहेत त्या ८, २३, २३. तिथेच आपण तिला मोडीत काढायला निघालो होतो. सहा डाव भरारी, त्यात तीन डाव खड्डा, आणि त्या खड्ड्यातच जागतिक विक्रम. 'फॉर्म' म्हणून आपण जे काही बोलतो ते बहुतेक मागच्या तीन डावांवरून बोलतो, हे इथे चांगलं उघडं पडतं.

अशा साखळ्या कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हे मोजणाऱ्यावरही असतं. ११ डिसेंबर २०२४ ला पर्थमध्ये १०५, मग वेस्ट इंडीजविरुद्ध ९१, ५३, ४, आणि जानेवारीत ४१, ७३, १३५. सात डावांत ५०२ धावा, पण ३१ डिसेंबर मधे आल्यामुळे ही माळ तुटते आणि निम्मी एका वर्षात, निम्मी दुसऱ्यात जाते. तिचाच आणखी एक विक्रम आहे, एकदिवसीय सामन्यांत धावांचा पाठलाग करताना सलग दहा वेळा पन्नाशी ओलांडण्याचा. मार्च २०२१ मध्ये लखनौला तो पूर्ण झाला. त्यात पहिली फलंदाजी केलेले डाव मोजलेलेच नाहीत. विक्रम खराच आहे, पण त्याची चौकट आधी बघावी आणि मग टाळी वाजवावी.

इंदूर, १९ ऑक्टोबर

या प्रकरणातला सगळ्यात दुखरा डाव ८८ चा. इंग्लंडने दिलेलं लक्ष्य २८९. भारत २३४ वर असताना मानधना लिन्सी स्मिथला उंच मारायला गेली आणि लाँग ऑफला झेल देऊन परतली. हव्या होत्या ५५ धावा, हातात सहा गडी होते. भारत चार धावांनी हरला. सलग तिसरा पराभव.

या फटक्यावरून तिला झोडपणाऱ्यांचा मुद्दा खोटा नव्हता. जमलेल्या फलंदाजाने सामना संपवूनच यायचं, हे आपल्याकडे गल्लीतल्या पोरालाही शिकवतात. वर्षभराच्या तक्त्यात हाच सूर दिसतो: ज्या बारा डावांना मी श्रेय देतो आहे, त्यांतल्या पाच डावांत ती ४१ ते ४५ मध्ये बाद झाली. पाया पक्का, पण मजला चढवायच्या वेळी काम थांबलं, असंही म्हणता येईल. तिची पन्नासवरची दहा धावसंख्यांची यादी घेतली तर सहा सामने भारताने जिंकले, चार हरले. दिल्लीचं १२५, विशाखापट्टणमचं ८०, इंदूरचं ८८ हे सगळे पराभवातले.

चार दिवसांनी नवी मुंबईत न्यूझीलंडविरुद्ध हरलो तर उपांत्य फेरीचं दार जवळजवळ बंद, अशी वेळ होती. तिने १०९ केल्या, प्रतिका रावलने १२२, आणि सलामीची भागीदारी २१२. प्रतिकाचं नाव या प्रकरणात आणखी मोठ्या अक्षरांत यायला हवं. डिसेंबर २०२४ मध्ये ती संघात आली. राजकोटला आयर्लंडविरुद्ध या दोघींनी २३३ ची सलामी दिली, विशाखापट्टणमला ऑस्ट्रेलियाविरुद्ध १५५ ची. एक टोक लावून धरणारी जोडीदार मिळाली आणि त्याच वर्षी मानधनाच्या एकेरी धावसंख्या पाचावरून एकावर आल्या. याला मी निव्वळ योगायोग मानायला तयार नाही, जरी आकड्यांनी तो सिद्ध करता येत नसला तरी.

हजारेंच्या एका डावातही असा जोडीदार होता. डिसेंबर १९४३ मध्ये मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेच्या (धर्मानुसार पाच संघांच्या) अंतिम सामन्यात 'रेस्ट' संघाच्या ३८७ पैकी एकट्या विजय हजारेंच्या ३०९. त्यात भाऊ विवेक यांच्याबरोबरची ३०० धावांची भागीदारी, आणि तीत विवेकरावांचा वाटा फक्त २१. विवेकरावांच्या २१ कुणाच्या लक्षात राहत नाहीत. त्या नसत्या तर ३०९ झाल्या नसत्या.

प्रतिकाला बांगलादेशविरुद्धच्या सामन्यात क्षेत्ररक्षण करताना दुखापत झाली आणि शफाली वर्माला ऐनवेळी बोलावलं गेलं. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ चा पाठलाग जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ ने पूर्ण केला, मानधना २४. अंतिम सामन्यात २ नोव्हेंबरला शफाली ८७, दीप्ती शर्मा ५८ आणि पाच बळी, विजय ५२ धावांनी; मानधना ४५, पण सलामीला १०४. स्पर्धेतल्या तिच्या ४३४ धावांनी मिताली राजच्या २०१७ च्या ४०९ मागे पडल्या, एका विश्वचषकातल्या भारताच्या सर्वाधिक. विक्रमी वर्षाच्या शेवटच्या दोन सामन्यांत मात्र सामना फिरवणाऱ्या खेळी दुसऱ्यांच्या होत्या, आणि तिच्या दोन्ही धावसंख्या त्या बारा डावांच्या गठ्ठ्यातल्या.

सांगलीच्या मैदानांपुरतं

मानधना कुटुंब ती दोन वर्षांची असताना मुंबईहून माधवनगरला आलं. वडील श्रीनिवास आणि भाऊ श्रवण दोघेही जिल्हा पातळीवर खेळलेले. भावाचं बघून ती नेटमध्ये गेली, नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालच्या आणि अकराव्या वर्षी १९ वर्षांखालच्या संघात निवडली गेली. अनंत तांबवेकर यांच्याकडे तिचा सराव चालायचा. २०१३ मध्ये वडोदऱ्याला गुजरातविरुद्ध १५० चेंडूंत नाबाद २२४ केल्या आणि नाव देशभर झालं. आपल्याकडे अजून तिची ओळख सांगताना पहिल्यांदा हाच आकडा येतो.

आपल्या जिल्ह्यात मुलींचे सामने वाढले आहेत, पालक किटबॅग उचलून पुण्याला निवड चाचणीला जातात, आणि सोबतच्या कागदावर असतात फक्त शतकं आणि 'सर्वोच्च धावसंख्या'. निवड समितीसमोर तेवढंच चालतं, हेही मला समजतं. पण प्रशिक्षकाने स्वतःच्या वहीत दोन रकाने वाढवायला काय हरकत आहे? किती डावांत मुलगी दहाच्या आत गेली, आणि उपलब्ध सामन्यांपैकी किती खेळली. मानधनाचं २०२४ आणि २०२५ याच दोन रकान्यांत सगळ्यात वेगळं दिसतं. शतकांच्या रकान्यात ते जवळपास सारखं आहे.

हा विक्रम किती टिकेल

२०२६ हे महिलांच्या टी-२० विश्वचषकाचं वर्ष, त्यामुळे एकदिवसीय सामने मागे पडणार. पंधरा डाव मिळाले असं धरलं तर १३६२ ओलांडायला डावामागे जवळपास ९१ धावा लागतील, आणि तशी लय कुणी वर्षभर ठेवत नाही. पुढचा एकदिवसीय विश्वचषक २०२९ मध्ये आहे, तोही आठऐवजी दहा संघांचा. धोका असेल तर त्या वर्षी. एखाद्या सलामीवीर मुलीला तेव्हा पंचवीस डाव मिळाले, तर डावामागे ५५ पुरतील. मानधना स्वतः तेव्हा तेहतीस वर्षांची असेल.